ध्रुवीय किनाऱ्याचे नाविक : डॉ. जॉन रे

कॅनडाच्या उत्तर टोकाला, ध्रुववृत्ताच्या आसपास, तुटक किनारा आणि असंख्य बेटांचा विस्तीर्ण प्रदेश पसरला आहे. तेथील समुद्र वर्षाचे नऊ-दहा महिने गोठलेला असतो. जुलै महिन्यात किनाऱ्यालगतचा बर्फ सुटू लागतो आणि जमीन व बर्फ यांच्यामध्ये पाण्याची एक अरुंद पट्टी मोकळी होते. सप्टेंबर लागताच ती पुन्हा मिटू लागते. एवढ्या अल्पशा उन्हाळ्यात, लहान उघड्या होड्यांमधून या किनाऱ्याचा शोध घेऊन त्याचे नकाशे तयार करणारे संशोधक म्हणजे डॉ. जॉन रे. एकोणिसाव्या शतकातील सर्वांत यशस्वी ध्रुवीय प्रवाशांमध्ये त्यांची गणना होते. तथापि, एक कटू सत्य जगासमोर मांडल्यामुळे त्यांना हयातीत योग्य तो सन्मान मिळाला नाही. त्यांचे चरित्र ही धाडसाची कथा आहेच. परंतु कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, या प्रश्नाचीही ती कथा आहे.

ऑर्कनेचे बालपण

स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या ऑर्कने बेटांवर, ऑर्फर परगण्यातील हॉल ऑफ क्लेस्ट्रेन या वाड्यात ३० सप्टेंबर १८१३ रोजी जॉन रे यांचा जन्म झाला. त्यांचे वडील एका मोठ्या जमीनदारीचे कारभारी होते. पुढे ते स्ट्रॉमनेस बंदरात हडसन बे कंपनीचे प्रतिनिधी झाले. घर समुद्राच्या काठी होते. वारा, प्रवाह आणि भरती-ओहोटी यांच्या सान्निध्यातच जॉन आणि त्यांची भावंडे वाढली. शिडाची होडी हाकणे, बंदुकीने शिकार करणे, मासे पकडणे आणि खडकाळ कड्यांवर चढणे हे त्यांचे बालपणीचे खेळ होते. याच खेळांनी पुढील आयुष्याची पूर्वतयारी करून घेतली.

एडिंबरो येथे वैद्यकशास्त्राचे शिक्षण पूर्ण करून रे यांनी १८३३ मध्ये शल्यचिकित्सकाची सनद मिळवली. त्याच वर्षी हडसन बे कंपनीच्या ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ या जहाजावर डॉक्टर म्हणून ते रुजू झाले. भारतात ईस्ट इंडिया कंपनीला ब्रिटिश राजसनदेने व्यापाराचा हक्क मिळाला होता, त्याचप्रमाणे १६७० च्या सनदेने हडसन बे कंपनीला उत्तर अमेरिकेच्या अफाट प्रदेशात लोकरीच्या कातड्यांचा व्यापार करण्याचा एकाधिकार मिळाला होता. रे यांचा बेत एका फेरीपुरताच होता. मात्र परतीची वाट बर्फाने रोखली आणि जहाजाला जेम्स उपसागरातील चार्लटन बेटावर हिवाळा काढावा लागला. खलाशांमध्ये स्कर्व्ही रोग पसरला. तरुण डॉक्टरांनी बर्फाखाली गोठलेली क्रॅनबेरीची आंबट फळे शोधून काढली आणि रोग्यांना खाऊ घातली. ताजे अन्न हेच या रोगावरील खरे औषध होय, हा धडा ते आयुष्यभर विसरले नाहीत.

कंपनीचा डॉक्टर, आदिवासींचा शिष्य

त्यानंतरची दहा वर्षे रे यांनी जेम्स उपसागराच्या काठावरील मूस फॅक्टरी या ठाण्यावर डॉक्टर आणि व्यापारी म्हणून घालवली. येथे त्यांचा क्री जमातीच्या लोकांशी निकट संबंध आला. बर्फावर चालण्यासाठी पायाला बांधायची जाळीदार चौकट कशी वापरावी, जनावराचा माग कसा काढावा, थंडीत कोणते कपडे घालावेत आणि शिकारीचे मांस कसे टिकवावे, हे सर्व ते त्यांच्याकडून शिकले. ठाण्यावरील इतर अनेक गोरे लोक स्थानिकांकडे केवळ कातडी आणून देणारे गिऱ्हाईक म्हणून पाहत असत. रे यांनी मात्र त्यांचे शिष्यत्व पत्करले. बर्फावरून दिवसचे दिवस चालण्याच्या त्यांच्या ताकदीची कीर्ती लवकरच सर्वत्र पसरली.

कंपनीचे गव्हर्नर सर जॉर्ज सिंप्सन यांच्या नजरेतून ही गोष्ट सुटली नाही. अमेरिका खंडाच्या उत्तर किनाऱ्याच्या नकाशात अद्याप काही मोकळ्या जागा शिल्लक होत्या. त्या भरून काढण्याचे काम त्यांनी १८४४ मध्ये रे यांच्याकडे सोपवले. त्यासाठी भूमापनाचे शास्त्र शिकणे आवश्यक होते. रे त्याकरिता रेड रिव्हर वसाहतीत गेले. परंतु त्यांना शिकवणारे गृहस्थ मरण पावले. तेव्हा भर हिवाळ्यात सुमारे बाराशे मैलांची पायपीट करून ते महासरोवरांच्या काठी पोहोचले आणि पुढे टोरोंटो येथे त्यांनी आपले शिक्षण पूर्ण केले.

लहान होडीचे सामर्थ्य

अटलांटिक महासागरातून पॅसिफिक महासागरात नेणारा वायव्य जलमार्ग शोधण्याची इंग्लंडची धडपड तीन शतके सुरू होती. ब्रिटिश नौदल त्यासाठी मोठी जहाजे, शेकडो खलाशी आणि वर्षानुवर्षे पुरेल इतका डबाबंद शिधा पाठवत असे. अशी जहाजे खोल पाण्यातच चालू शकत. बर्फ दाटून आला की ती अडकून पडत आणि त्यांच्यावरील माणसे त्या लाकडी भिंतींच्या आत कोंडली जात. जमिनीवरून गेलेल्या मोहिमांची स्थितीही फारशी वेगळी नव्हती. सर जॉन फ्रँकलिन यांनी १८२१ च्या उन्हाळ्यात झाडाच्या सालीच्या होड्यांतून याच किनाऱ्याचा प्रवास केला, तेव्हा परतीच्या वाटेवर उपासमार झाली आणि त्यांच्या वीस जणांच्या तुकडीतील अकरा जण दगावले.

रे यांची पद्धत अगदी भिन्न होती. किनाऱ्यालगत मोकळी होणारी पाण्याची पट्टी उथळ आणि अरुंद असते. तेथे मोठ्या जहाजाचा निभाव लागत नाही. पण लहान होडी सहज शिरते. वारा समुद्राकडून वाहू लागला की बर्फाचे प्रचंड तुकडे किनाऱ्यावर येऊन आदळतात. अशा वेळी होडी काठावर ओढून घेता येते. वारा फिरला आणि बर्फ मागे हटला की ती पुन्हा पाण्यात लोटायची. त्या काळी चुंबकीय ध्रुव जवळ असल्याने या भागात होकायंत्राची सुई भरवशाची नसे. म्हणून सूर्याची उंची मोजून स्थान निश्चित करावे लागे. उन्हाळ्यात सूर्य जवळजवळ मावळतच नाही. त्यामुळे वारा अनुकूल असेल तेव्हा मध्यरात्रीही प्रवास चालू ठेवता येतो. शिधा मोजका घ्यायचा, माणसे थोडी घ्यायची आणि उरलेले अन्न त्या भूमीतूनच मिळवायचे, हे रे यांच्या मोहिमांचे सूत्र होते.

पहिली सफर

जून १८४६ मध्ये हडसन उपसागरावरील यॉर्क फॅक्टरी येथून रे यांनी पहिल्या मोठ्या सफरीला प्रारंभ केला. ‘नॉर्थ पोल’ आणि ‘मॅग्नेट’ या त्यांच्या दोन होड्यांची लांबी बावीस फूट आणि रुंदी साडेसात फूट होती. सोबत दहा-बारा माणसे होती. त्यांत ऑर्कनेचे काही होडीवाले होते आणि उलिगबक नावाचे इन्युइट दुभाषी व त्यांचा मुलगाही होता. बर्फाच्या तुकड्यांमधून वाट काढत ही मंडळी जुलैच्या अखेरीस ध्रुववृत्तावर वसलेल्या रिपल्स उपसागरात पोहोचली. तेथून सुमारे चाळीस मैलांची जमिनीची पट्टी ओलांडली की दुसऱ्या बाजूचा समुद्र लागतो. तलावांच्या साखळीतून आणि मधल्या चढ-उतारांवरून ओढत त्यांनी एक होडी पलीकडे नेली. पण तो समुद्र बर्फाने गच्च भरला होता. पुढे जाणे अशक्य असल्याचे पाहून रे यांनी माघार घेतली.

त्यांनी माघार घेतली ती केवळ रिपल्स उपसागरापर्यंत. तेथे दगडांचे एक लहानसे घर बांधून त्याला फोर्ट होप असे नाव देण्यात आले. होड्यांच्या डोलकाठ्या आणि वल्ही यांचेच वासे करून छप्पर घालण्यात आले. त्या प्रदेशात झाडे नाहीत. जमिनीलगत पसरणारे एक खुरटे झुडूप बर्फ पडण्यापूर्वी गोळा करून ठेवायचे आणि त्यावर अन्न शिजवायचे, एवढेच इंधन होते. शेकोटीचा प्रश्नच नव्हता. सप्टेंबर या एका महिन्यात साठांहून अधिक कॅरिबू हरणांची शिकार करण्यात आली आणि जाळी टाकून मासे धरण्यात आले. रे स्वतः तुकडीतील सर्वांत उत्तम शिकारी होते.

याच हिवाळ्यात ते इन्युइट शेजाऱ्यांकडून बर्फाच्या विटांचे घुमटाकार घर बांधायला शिकले. दगडी घरापेक्षा ते अधिक उबदार असते, हे त्यांच्या ध्यानात आले. स्लेजच्या धावांवर पाणी शिंपडून त्यांना गोठलेल्या बर्फाचे गुळगुळीत आवरण कसे द्यावे, हेही त्यांनी आत्मसात केले. १८४७ च्या वसंतात पायी आणि स्लेजवरून प्रवास करून त्यांनी शेकडो मैलांचा अज्ञात किनारा नकाशावर आणला. बूथिया हे बेट नसून द्वीपकल्प आहे, हे त्यांनी सिद्ध केले. ऑगस्टमध्ये बर्फ सुटताच होड्या पुन्हा पाण्यात लोटण्यात आल्या आणि सप्टेंबरच्या प्रारंभी ही तुकडी सुखरूप परतली. एकही माणूस दगावला नव्हता. जहाजाचा आधार न घेता, भूमीवरच अन्न मिळवून युरोपीय तुकडीने त्या प्रदेशात हिवाळा काढावा, असे पूर्वी घडले नव्हते.

फ्रँकलिन यांचा शोध

याच सुमारास इंग्लंडमध्ये एका वेगळ्याच चिंतेने मूळ धरले होते. मे १८४५ मध्ये ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजे घेऊन सर जॉन फ्रँकलिन वायव्य जलमार्गाच्या शोधास निघाले होते. जुलै महिन्यात बॅफिन उपसागरात व्हेल पकडणाऱ्या जहाजांना ती अखेरची दिसली. त्यानंतर त्यांच्यावरील १२९ जणांचा काहीही ठावठिकाणा लागला नाही.

त्यांच्या शोधासाठी १८४८ मध्ये सर जॉन रिचर्डसन यांची नेमणूक झाली. फ्रँकलिन यांच्या दोन्ही भूमोहिमांमधील ते जुने सहकारी होते. साठीला आलेल्या रिचर्डसन यांनी साथीदार म्हणून चौतीस वर्षांच्या रे यांची निवड केली. ऑगस्टच्या प्रारंभी मॅकेंझी नदीच्या मुखातून त्यांच्या होड्या समुद्रात शिरल्या आणि किनारा धरून पूर्वेकडे निघाल्या. वाटेत भेटलेल्या प्रत्येक इन्युइट वस्तीत चौकशी करण्यात आली. परंतु जहाजांची खबर कोणालाच नव्हती. सप्टेंबर उजाडला आणि कॉपरमाइन नदी काही मैलांवर राहिली असतानाच बर्फाने वाट बंद केली. होड्या काठावर सोडून सर्वांना ग्रेट बेअर सरोवराच्या काठावरील फोर्ट कॉन्फिडन्स या ठाण्यापर्यंत पायी जावे लागले.

पुढील उन्हाळ्यात रिचर्डसन मायदेशी परतले आणि रे एकटेच एक होडी घेऊन पुन्हा किनाऱ्यावर आले. समोरचे बेट दिसत होते; पण मधल्या सामुद्रधुनीतील बर्फ आठवडे उलटले तरी हटेना. अखेर त्यांनी नाइलाजाने परतीचा निर्णय घेतला. परतताना कॉपरमाइन नदीवरील ब्लडी फॉल्स या खळाळत्या धबधब्यापाशी प्रवाहात होडी हातची गेली आणि अल्बर्ट वन-आय हे तरुण इन्युइट दुभाषी बुडाले. रे यांच्या सर्व मोहिमांमध्ये त्यांच्या हाताखाली मृत्यू पावलेले हे एकमेव सहकारी होत. त्या काळातील इतर मोहिमांची मनुष्यहानी पाहता ही संख्या असाधारण आहे. रे यांना मात्र हे दुःख दीर्घकाळ बोचत राहिले.

१८५१ चा उन्हाळा

रे यांच्या होडीप्रवासांमध्ये १८५१ ची सफर सर्वांत मोलाची मानली जाते. हिवाळ्यात फोर्ट कॉन्फिडन्स येथे त्यांनी दोन नव्या होड्या बांधून घेतल्या. वसंतात स्लेजवरून सामुद्रधुनी ओलांडून त्यांनी व्हिक्टोरिया बेटाच्या दक्षिण किनाऱ्याचा काही भाग पाहून घेतला. जूनच्या मध्यास होड्या कॉपरमाइन नदीतून खाली निघाल्या. समुद्रावर पोहोचल्यावर बर्फ आणि किनारा यांच्यामधील चिंचोळ्या पाण्यातून, कधी शिडावर, कधी वल्ह्यांवर, तर कधी काठावरून दोराने ओढत त्या पूर्वेकडे सरकत राहिल्या.

मुख्य भूमीवरून समुद्र ओलांडून रे व्हिक्टोरिया बेटाला लागले, केंब्रिज उपसागर पाहिला आणि बेटाच्या आग्नेय टोकाला वळसा घालून उत्तरेकडे वळले. येथे मात्र समुद्राचे रूप पालटले. वायव्येकडून वाहत येणारा जुना, जाड बर्फ या भागात येऊन तुंबतो. होड्या पुढे नेता येईनात तेव्हा रे काही माणसांसह पायी निघाले. अणकुचीदार दगडांनी पादत्राणांच्या चिंध्या झाल्या. ऑगस्टच्या मध्यास ते आपल्या शेवटच्या टप्प्यावर पोहोचले. पूर्वेस सामुद्रधुनीपलीकडे किंग विल्यम बेट होते. तेथे जाण्याचा त्यांनी तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा वारा व बर्फ यांनी त्यांना परतवले.

परतीच्या वाटेवर, २१ ऑगस्ट रोजी, एका लहान उपसागरात त्यांना लाकडाचे दोन तुकडे तरंगताना आढळले. त्यांपैकी एक झेंड्याच्या काठीच्या बुंध्यासारखा होता. त्याला दोराचा तुकडा तांब्याच्या खिळ्यांनी ठोकलेला होता. त्या दोरात लाल धागा विणलेला होता आणि खिळ्यांवर ब्रिटिश सरकारच्या मालकीची बाणाची खूण होती. रे यांनी ते तुकडे जपून ठेवले आणि अहवालात त्यांची नोंद केली. फ्रँकलिन यांची जहाजे त्याच सामुद्रधुनीच्या वरच्या भागात, किंग विल्यम बेटाच्या वायव्येस, बर्फात अडकली होती आणि एप्रिल १८४८ मध्येच खलाशांनी ती सोडून दिली होती, हे जगाला कळण्यास अद्याप आठ वर्षे बाकी होती. त्या एका उन्हाळ्यात बर्फ थोडा हटला असता, तर या रहस्याचा उलगडा तेव्हाच झाला असता.

या कामगिरीबद्दल लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८५२ मध्ये रे यांना सुवर्णपदक देऊन गौरवले.

सोनेरी पट्टी

रे यांची शेवटची मोठी सफर १८५३ मध्ये सुरू झाली. या वेळी तिचा उद्देश फ्रँकलिन यांचा शोध हा नव्हता. किनाऱ्याच्या नकाशातील शेवटची उणीव भरून काढणे हा होता. होडीतून ते पुन्हा रिपल्स उपसागरात आले आणि या वेळी त्यांनी हिवाळा बर्फाच्या घरांत काढला. मार्च १८५४ च्या अखेरीस चार माणसांसह ते पश्चिमेकडे निघाले.

२१ एप्रिल रोजी पेली उपसागराच्या परिसरात त्यांना एक इन्युइट शिकारी भेटला. त्याच्या डोक्याला सोनेरी पट्टी बांधलेली होती. ती नौदलाच्या अधिकाऱ्याच्या टोपीवरील पट्टी होती. विल्यम उलिगबक या दुभाष्याच्या मदतीने विचारपूस केली असता, पश्चिमेकडे एका मोठ्या नदीच्या पलीकडे पस्तीस-चाळीस गोरे लोक काही हिवाळ्यांपूर्वी उपासमारीने मेल्याचे त्याने सांगितले. त्याने स्वतः ती जागा पाहिलेली नव्हती. इतरांकडून ऐकलेले तो सांगत होता. रे यांनी ती पट्टी विकत घेतली आणि अशा वस्तू कोणाकडे असल्यास त्या रिपल्स उपसागरात आणून द्याव्यात, असा निरोप दिला.

ठरलेले काम अर्धवट न टाकता ते पुढे गेले. थंडीने दोघे जण मागे राहिले. विल्यम उलिगबक आणि थॉमस मिस्टेगन यांच्यासह ६ मे १८५४ रोजी रे बूथियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका टोकाला पोहोचले. तेथे त्यांना दिसले की किंग विल्यम हा मुख्य भूमीचा भाग नसून बेट आहे आणि दोहोंच्या मध्ये एक सामुद्रधुनी आहे. येथील बर्फ एका हिवाळ्यात तयार झालेला, तुलनेने पातळ होता. जुन्या जाड बर्फाला बेटाची आड मिळत असल्याने उन्हाळ्यात हे पाणी मोकळे होत असणार, हे त्यांच्या अनुभवी नजरेने ओळखले. पुढे हीच जागा रे सामुद्रधुनी या नावाने प्रसिद्ध झाली.

मेअखेरीस ते रिपल्स उपसागरात परतले, तेव्हा अनेक इन्युइट कुटुंबे वस्तू घेऊन आली होती. अधिकाऱ्यांची कुलचिन्हे कोरलेले चांदीचे चमचे व काटे, फ्रँकलिन यांचे नाव असलेली एक लहान तबकडी आणि त्यांचे सन्मानपदक रे यांच्या हाती पडले. रे यांनी एकेकाला स्वतंत्रपणे विचारले, उत्तरे पडताळून पाहिली. सर्वांच्या सांगण्यात मेळ होता. दक्षिणेकडे होडी ओढत चाललेली अशक्त माणसे काहींनी पाहिली होती. पुढे त्यांचे मृतदेह आढळले. त्या देहांची स्थिती आणि भांड्यांतील अवशेष पाहता, अखेरच्या दिवसांत त्या अभागी माणसांनी प्राण वाचवण्यासाठी मृत सोबत्यांचे मांस खाल्ले होते, असे या लोकांनी सांगितले.

लंडनमधील वादळ

स्वतः जाऊन ती जागा पाहण्यासाठी रे यांना आणखी एक वर्ष थांबावे लागले असते. तोवर इतर शोधजहाजे चुकीच्या दिशेला जीव धोक्यात घालत राहिली असती. म्हणून ऑगस्टच्या प्रारंभी बर्फ सुटताच त्यांनी होडी पाण्यात लोटली आणि ऑक्टोबरमध्ये ते लंडनला पोहोचले. नौदल विभागासाठी लिहिलेला त्यांचा अहवाल २३ ऑक्टोबर १८५४ रोजी टाइम्स वृत्तपत्रात प्रसिद्ध झाला. नरमांसभक्षणाचा उल्लेख त्यात जसाच्या तसा होता.

ब्रिटिश समाज हादरून गेला. फ्रँकलिन यांच्या पत्नी लेडी जेन फ्रँकलिन यांनी या वृत्तान्तावर विश्वास ठेवण्यास नकार दिला आणि रे यांच्याविरुद्ध आपले सारे वजन खर्ची घातले. विख्यात कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांनी आपल्या साप्ताहिकातून लेख लिहून इन्युइट लोकांची साक्ष विश्वासास अपात्र ठरवली. एवढेच नव्हे, तर त्यांनीच त्या खलाशांना ठार केले असावे, असा संशयही सूचित केला. इंग्रज नौदलाचा माणूस असे कृत्य करणार नाही, हे त्यांनी गृहीतच धरले होते. रे यांनी त्याच साप्ताहिकात उत्तर दिले. आपण ज्यांच्या शेजारी राहिलो, ज्यांच्याकडून शिकलो, ते लोक विनाकारण खोटे बोलणारे नाहीत, या भूमिकेवरून ते तसूभरही ढळले नाहीत. केवळ बक्षिसाच्या लोभाने ते घाईने परतले, असा आरोपही झाला. फ्रँकलिन यांच्या मोहिमेचे काय झाले याचा छडा लावणाऱ्यास जाहीर झालेले दहा हजार पौंडांचे बक्षीस १८५६ मध्ये रे आणि त्यांच्या माणसांना मिळाले; परंतु इतर ध्रुवीय संशोधकांना मिळाला तो सर हा किताब त्यांना कधीच मिळाला नाही.

लेडी फ्रँकलिन यांनी पाठवलेल्या मॅकक्लिंटॉक यांच्या मोहिमेला १८५९ मध्ये किंग विल्यम बेटावर सांगाडे, होडी आणि एक लेखी टिपण सापडले. फ्रँकलिन यांचा मृत्यू ११ जून १८४७ रोजी झाल्याचे त्यावरून कळले. रे यांनी दिलेली मूळ माहिती खरी ठरली. तरीही लोकांच्या मनातून डाग गेला नाही.

उत्तरायुष्य

कंपनीच्या सेवेतून निवृत्त झाल्यावर रे काही काळ कॅनडातील हॅमिल्टन शहरात राहिले. १८६० मध्ये त्यांनी केट थॉम्प्सन यांच्याशी विवाह केला. त्याच वर्षी तारायंत्राच्या मार्गाची पाहणी करण्यासाठी ते फॅरो बेटे, आइसलंड आणि ग्रीनलंड येथे गेले. १८६४ मध्ये याच कामासाठी त्यांनी कॅनडाच्या पश्चिम भागाचा प्रवास केला. पुढे ते लंडनमध्ये स्थायिक झाले. १८८० मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना लाभले. इन्युइट लोकांच्या सचोटीविषयी ते अखेरपर्यंत लिहीत आणि बोलत राहिले. २२ जुलै १८९३ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा देह ऑर्कने येथे नेऊन कर्कवॉलच्या सेंट मॅग्नस कॅथेड्रलच्या आवारात दफन करण्यात आला. कॅथेड्रलमध्ये त्यांचे शिल्प आहे. प्रवासातील वेशात, शेजारी बंदूक ठेवून ते झोपलेले दाखवले आहेत.

काळाची साक्ष

रे यांच्या म्हणण्याला एकेक करून पुरावा मिळत गेला. नॉर्वेचे रोआल्ड अमुंडसन यांनी १९०३ ते १९०६ या काळात ‘योआ’ या लहान जहाजातून वायव्य जलमार्ग प्रथमच समुद्रावरून पार केला. किंग विल्यम बेटाच्या पूर्वेकडून, रे सामुद्रधुनीमार्गे त्यांनी ही वाट काढली. किंग विल्यम बेटावर सापडलेल्या हाडांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी अनेक हाडांवर सुरीच्या खुणा स्पष्टपणे आढळल्या. २०२४ मध्ये अशाच खुणा असलेला एक जबडा ‘एरेबस’चे कप्तान जेम्स फिट्झजेम्स यांचा असल्याचे डीएनए चाचणीने सिद्ध झाले. ‘एरेबस’ २०१४ मध्ये आणि ‘टेरर’ २०१६ मध्ये समुद्रतळाशी सापडले. या दोन्ही शोधांमध्ये इन्युइट लोकांनी दिलेली माहिती मार्गदर्शक ठरली. ज्यांची साक्ष एकेकाळी धुडकावण्यात आली, त्यांच्याच स्मृतीने अखेर जहाजांपर्यंतची वाट दाखवली.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये फ्रँकलिन यांचे स्मारक १८७५ पासून उभे आहे. त्याच ॲबेमध्ये रे यांच्या स्मरणार्थ शिळा बसवली गेली ती २०१४ मध्ये. ज्या रिपल्स उपसागरात त्यांनी दोन हिवाळे काढले, तेथील गावाचे अधिकृत नाव २०१५ मध्ये बदलून नाउयाट हे मूळ इन्युइट नाव स्वीकारण्यात आले.

आपल्या सफरींमध्ये रे यांनी सुमारे पावणेदोन हजार मैलांचा अज्ञात किनारा नकाशावर आणला. त्यासाठी त्यांनी प्रचंड जहाजे वापरली नाहीत की मोठा फौजफाटा नेला नाही. बावीस फुटी होडी, मोजकी माणसे, सहा-आठ आठवड्यांचा उन्हाळा आणि त्या भूमीच्या लेकरांकडून शिकण्याची नम्रता, एवढेच त्यांचे भांडवल होते. त्याच नम्रतेने त्यांना जिवंत ठेवले, सत्यापर्यंत नेले आणि त्या सत्याची किंमतही मोजायला लावली.